काचबिंदू असताना मोतीबिंदू काढायचा: नुसता की एकत्रित?

काचबिंदूसाठी वर्षानुवर्षे थेंब घालणाऱ्याचा मोतीबिंदू पिकला की डॉक्टर बहुधा दोन पर्याय समोर ठेवतात. नुसता मोतीबिंदू काढून लेन्स बसवायची आणि डोळ्यातला दाब उतरवणारे थेंब पुढे चालू ठेवायचे, किंवा त्याच वेळी ट्रॅबेक्युलेक्टॉमी करून डोळ्यातल्या पाण्याला वरच्या पापणीखाली नवी वाट करून द्यायची. माझ्या डाव्या डोळ्याची एकत्रित शस्त्रक्रिया झाली आणि दीड वर्षाने उजव्याचा नुसता मोतीबिंदू काढला, त्यामुळे दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे.

दाब उतरवण्यात एकत्रित शस्त्रक्रिया सरस आहे, हे मान्य करायला हवे. डाव्या डोळ्यात तीन औषधे घालूनही दाब २४ च्या (मिलिमीटर पाऱ्याच्या मापात) खाली येत नव्हता. आता एकही थेंब न घालता तो १२ च्या आसपास असतो. नुसता मोतीबिंदू काढल्यानेही दाब साधारण २ ते ४ अंकांनी उतरतो, डोळ्यातले पाणी जिथून निचरते तो कोन अरुंद असेल तर अधिक. माझ्या उजव्या डोळ्याच्या दोन औषधांपैकी एक सुटले आणि रात्रीचे लॅटानोप्रोस्ट तेवढे राहिले.

मला जेरीस आणले ते खेपांनी. नवी वाट बुजू लागली तर दाब चढतो आणि फार वाहिली तर नको तितका उतरतो, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने तो पुनःपुन्हा मोजावा लागतो. आम्ही अकोल्याला राहतो, शस्त्रक्रिया नागपूरला झाली. अडीचशे किलोमीटरचा तो प्रवास मी अकरा वेळा केला. एका खेपेस वाट मोकळी व्हावी म्हणून लेसरने टाका कापला, तर पुढच्या खेपेस दाब ५ वर आलेला, आणि घरी खिडकीचे सरळ गजही मला वाकडे दिसत होते. नजर स्थिरावेपर्यंत चष्म्याचा नंबर काढता येईना. ते तीन महिने पत्नी रोज सकाळी मला अग्रलेख वाचून दाखवीत असे. उजव्या डोळ्याचे सगळे चार खेपांत आटोपले आणि सहाव्या आठवड्यात चष्मा हाती आला.

अर्थात तिथेही बेफिकीर राहून चालत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात भरलेला चिकट द्रव थोडा जरी मागे राहिला, तरी पहिल्या काही तासांत दाब उसळतो आणि काचबिंदूने आधीच दुबळी झालेली डोळ्याची नस तो सोसत नाही. माझा दाब संध्याकाळी २९ झाला, भुवईवर ठणका लागला. त्याच संध्याकाळी दाब मोजण्याचे आधीच ठरवून घेतले होते म्हणून वेळीच कळले. ॲसेटाझोलामाइडच्या गोळीने रात्रभर बोटांना मुंग्या आल्या, पण सकाळी दाब १८ होता. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास या गोळीआधी डॉक्टरांना सांगावे. पुढे स्टेरॉइडच्या थेंबांमुळे तिसऱ्या आठवड्यात दाब पुन्हा २३ झाला आणि औषध बदलून सौम्य द्यावे लागले. ते थेंब स्वतःच्या मनाने लांबवू नयेत.

तीन औषधांनीही दाब आवरत नसेल किंवा दृष्टिक्षेत्र घटत चालले असेल, तर खेपांचा त्रास पत्करूनही एकत्रित शस्त्रक्रियाच करावी, असे मला वाटते. एक-दोन औषधांवर भागत असेल तर मात्र माझा कल नुसत्या मोतीबिंदूकडे राहील. डावा डोळा जरा लाल झाला तर मला आजही त्याच दिवशी दाखवावा लागतो, कारण पापणीखालच्या त्या वाटेने जंतू आत शिरले तर दृष्टी जाऊ शकते. उजव्या डोळ्याला ती धास्ती नाही.