जुन्या डिझेल पिकअपला मोठे टायर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी जुनी, २.५ लिटर डिझेल, मागच्या हौसिंगचा रेशो ४.१, म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंतचा दांडा) ४.१ वेळा फिरतो. कंपनीचे २१५/७५ आर १५ (रुंदी २१५ मिमी, रिम १५ इंची) काढून २३५/७५ आर १५ टाकले. काम ठरलेलं: काटोल-नरखेडकडून संत्री भरून नागपूरचं कळमना मार्केट, परत जाताना रिकामी.

रिकाम्या गाडीला हे टायर मानवतात. व्यास साधारण ७०३ मिमीचा ७३३ झाला, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. चौथ्या डायरेक्ट गिअरला (यात इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारखेच फिरतात), खऱ्या ८० च्या वेगात इंजिन २,४७० ऐवजी २,३७० आरपीएमवर चालतं. आवाज कमी, दणके कमी.

भरल्या गाडीचं गणित वेगळं. हौसिंग न उघडताच ४.१ चा रेशो ३.९३ झाल्यासारखा वागतो. उड्डाणपुलाच्या चढावर थांबून गाडी उचलताना क्लच जास्त घासतो, वास येतो. पूर्वी चौथ्यात निघणारा चढ आता तिसरा मागतो. तिथे हट्टाने चौथाच धरला की काळा धूर येतो आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत टेम्परेचरचा काटा लगेच वर सरकतो. चढाला आरपीएम १,६०० च्या खाली जायच्या आत गिअर उतरवा. ब्रेकलाही तेवढ्याच टक्क्यांनी जास्त जोर लागतो.

अ‍ॅव्हरेज पडल्याची ओरड बऱ्याचदा अर्धीच खरी असते. मीटर १०० किमी दाखवतो तेव्हा गाडी १०४.३ चाललेली असते. मीटरवरून १२ चा हिशोब आला तर खरा साडेबारा. स्पीडोमीटरही ८० दाखवताना वेग ८३ च्या वर असतो, हे हायवेवर ध्यानात ठेवा.

टायर घेण्याआधी रिम मोजा. २१५ साडेपाच इंची रिमवर चालतो, २३५ ला किमान ६ इंची लागते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा टायरवरचा आकडा) कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. टायर मोठा म्हणजे वजन जास्त पेलतो असं नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली बाजू बघा. रबरावर काळा चकचकीत पट्टा दिसला की टायर घासतोय.

रेशो नक्की माहीत नसेल तर गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, बाकी तिन्ही चाकांना लाकडी ठोकळे, आणि मागचं एकच चाक जॅकवर. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक २० वेळा फिरवल्यावर शाफ्ट ४१ वेळा फिरला तर रेशो ४.१. दुसरं चाक थांबलेलं असल्याने डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे हौसिंगमधले गिअर) शाफ्ट निम्माच फिरतो, म्हणून २० फेऱ्या १० धरायच्या.

जुनी ओढ परत हवी असेल तर ४.२७ च्या जवळचा, म्हणजे ४.३ चा क्राऊन-पिनियन (हौसिंगमधली रेशो ठरवणारी गिअरची जोडी) शोधावा. तो नेहमी जोडीनेच बदला. दोन्हींपैकी एकच गिअर नवा घातला तर हौसिंग हमखास गुणगुणतं. बॅकलॅश (दोन गिअरच्या दात्यांमधली मोकळीक) डायल गेजनेच लावून घ्या, हाताच्या अंदाजाने नको. फोर बाय फोर असेल तर पुढचा रेशोही तोच हवा, नाहीतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) खराब होईल. नव्या जोडीवर पहिले ५०० किमी हलका माल, हजारला गिअर ऑइल बदला.

मागच्या अ‍ॅक्सलवर एक नवा, एक झिजलेला टायर चालवू नका. ६ मिमी झिजलेल्या टायरचा व्यास १२ मिमी कमी असतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे छोटे गिअर सतत फिरत राहतात.

रोज भरलेल्या गाडीला २१५ च ठेवावे. २३५ घालायचेच असतील तर ४.३ च्या जोडीचा खर्च आधीच धरावा.