घाना, एलसी आणि सांगलीतील एक बँक शाखा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मका दळण्याच्या गिरण्या तयार करण्याचा छोटा कारखाना आहे आणि 2019 पासून त्यातील काही गिरण्या घानाला जातात. तिथे मका भिजवून, दळून, आंबवून केंके आणि बांकू हे खाद्यपदार्थ करतात, त्यामुळे वस्तीवस्तीत गिरणी लागते आणि मंदीतही ती बंद पडत नाही. मालाला मागणी असते, अडचण पैसे येण्याची असते. म्हणूनच सांगलीतील ज्या बँक शाखेतून आमचा परकीय चलनाचा सगळा व्यवहार होतो, तिच्या सेवेबद्दल 2022-23 च्या कठीण वर्षाचा आधार घेऊन सविस्तर लिहावे असे वाटले. काही तक्रारी आहेत, त्यामुळे बँकेचे नाव देत नाही.

पहिली तीन वर्षे व्यवहार सोपा होता. तीस टक्के आगाऊ रक्कम आली की आम्ही गिरणीचे कास्टिंग (ओतीव भाग) करायला सांगायचो आणि उरलेली रक्कम कागदपत्रे त्यांच्या बँकेत पोहोचल्यावर मिळायची. 2022 च्या मध्यापासून घानाची राजधानी अक्रा येथील आमच्या ग्राहकांचा फोनवरचा सूर बदलला. त्यांच्याकडे सेडी (घानाचे चलन) होते, पण बँकेत डॉलर नव्हते. वर्षाच्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे सहा सेडी पडत, नोव्हेंबरपर्यंत तो भाव तेराच्या वर गेला. त्यांनी एकूण 38,400 डॉलरची ऑर्डर दिली, मात्र आगाऊ रक्कम वीस टक्क्यांवर आणून उरलेल्या 30,720 डॉलरसाठी नव्वद दिवसांच्या मुदतीची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे सादर केल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) देऊ केली. बँकेचीच हमी आहे, मग काळजी कसली, अशी आमची समजूत होती.

ती समजूत शाखेतील परकीय चलन विभागाच्या अधिकारी मॅडमनी दूर केली, आणि या शाखेचे सर्वांत मोठे श्रेय मी त्यालाच देतो. एलसीचा मसुदा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी विचारले, "एलसी उघडणाऱ्या बँकेकडे सरकारी रोखे किती आहेत, याचा विचार केला आहे का?" आम्ही अर्थातच केला नव्हता. मग त्यांनी समोर बसवून समजावले की घानातील बँकांनी आपल्या सरकारच्या रोख्यांत मोठ्या रकमा गुंतवल्या आहेत, सरकारलाच कर्ज फेडणे जड झाले तर त्या बँकांचे भांडवल खचेल, आणि बँक सावरली तरी देशात डॉलर नसतील तर हमी कागदावरच राहील. म्हणजे खरेदीदाराची जोखीम एलसीने बँकेवर जाते, देशाची जोखीम मात्र आपल्याच माथ्यावर उरते. ती उतरवायची असेल तर घानाबाहेरच्या एखाद्या सक्षम बँकेचे कन्फर्मेशन घ्यावे लागते, म्हणजे एलसी उघडणाऱ्या बँकेने पैसे दिले नाहीत तरी आम्ही देऊ, अशी त्या दुसऱ्या बँकेची स्वतंत्र हमी.

कन्फर्मेशनचा खर्च ऐकून आम्ही कचरलो. लंडनच्या एका बँकेने एकंदर 640 डॉलर सांगितले. ग्राहक म्हणाले की त्यांची बँक एलसीच्या पूर्ण रकमेइतके सेडी आधीच अडकवून ठेवते आणि सेडी घसरला की वाढीव रक्कम मागते, त्यामुळे आणखी भार त्यांना झेपणार नाही. त्यांचे म्हणणे खरे होते. शेवटी खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला. मंदीत आफ्रिकेतील व्यापाऱ्याला माल महाग का पडतो, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. जोखीम वाढली की बाहेरच्या बँका त्या देशासाठीच्या हमीची मर्यादा कमी करतात, उरलेल्यांचा दर चढतो आणि सचोटीच्या छोट्या व्यापाऱ्यालाही देशाची पत घसरल्याचा दंड भरावा लागतो. आफ्रिकेत व्यापारासाठी लागणारे पण न मिळणारे वित्त 2019 मध्येच 80 अब्ज डॉलरच्या घरात होते, असा आफ्रिकन विकास बँकेचा अंदाज होता. संकटाच्या वर्षांत ही दरी अक्राच्या एखाद्या दुकानापर्यंत कशी पोहोचते, ते आम्ही त्या व्यवहारात पाहिले.

माल नोव्हेंबरच्या अखेरीस न्हावाशेवाहून घानाच्या तेमा बंदराकडे निघाला. 19 डिसेंबर 2022 रोजी घाना सरकारने बहुतांश परकीय कर्जाची फेड स्थगित केली. त्याच महिन्यात देशांतर्गत रोखेधारकांनाही जुने रोखे बदलून कमी व्याजाचे, लांब मुदतीचे रोखे घेण्याची योजना जाहीर झाली आणि महागाईचा दर 54.1 टक्क्यांवर पोहोचला. मॅडमनी ऑक्टोबरमध्ये सांगितलेली साखळी डोळ्यांसमोर घडत होती. लंडनच्या बँकेने आमची कागदपत्रे स्वीकारलेली असल्यामुळे शाखेने त्या रकमेचे बिल मुदतीआधीच वटवून दिले आणि डिसेंबर संपण्यापूर्वी रक्कम आमच्या खात्यात जमा झाली. मिरजेतील एका परिचित उद्योजकांनी त्याच सुमारास कन्फर्मेशन न घेता माल पाठवला होता. त्यांची रक्कम मुदतीनंतर सात महिन्यांनी आली. त्या काळात निर्यातीची रक्कम नऊ महिन्यांत देशात आणण्याचे बंधन होते, त्यामुळे मुदतवाढीसाठी त्यांना जी धावपळ करावी लागली ती वेगळीच.

आता तक्रारी. कागदपत्रांची तपासणी सांगलीत होत नाही. सगळा गठ्ठा पुण्याच्या केंद्रीय विभागाकडे जातो आणि तिथे तो कोणाच्या टेबलावर आहे हे शाखेलाही सांगता येत नाही. एलसीच्या यूसीपी 600 या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे माल चढल्यापासून 21 दिवसांत कागदपत्रे सादर करावी लागतात आणि बँकेला तपासणीसाठी कामकाजाचे जास्तीत जास्त पाच दिवस मिळतात. आमची कागदपत्रे सहाव्या दिवशी परत आली, कारण एलसीत "मका दळण्याची गिरणी" असे वर्णन होते आणि आमच्या एका इनव्हॉइसवर नुसते "गिरणी" छापले गेले होते. चूक आमची होती, ती मान्य आहे. पण पहिल्याच दिवशी फोन आला असता तर दुरुस्ती संध्याकाळपर्यंत झाली असती. तो गठ्ठा पुन्हा पुण्याला, तिथून लंडनला वेळेत पोहोचवण्यासाठी आमचा मुलगा रात्रीच्या गाडीने स्वतः घेऊन गेला. एका शब्दासाठी 30,720 डॉलरची हमी निकामी होऊ शकते, हे ज्या विभागाला सर्वांत चांगले ठाऊक आहे, त्यानेच इतके सावकाश असावे, याचे फार वाईट वाटले.

दुसरी तक्रार विनिमय दराची. रक्कम रुपयांत बदलताना बँकेने बाजारभावापेक्षा डॉलरमागे साठ पैसे कमी लावले आणि ते आधी सांगितले नाही. साठ पैसे किरकोळ वाटतात, पण या रकमेवर ते 18,432 रुपये होतात. त्या काळात लघुउद्योग उत्पादकांना निर्यात कर्जावर तीन टक्क्यांची केंद्र सरकारची व्याज-सवलत मिळत असे. तिचा लाभ शाखेने न मागता, वेळेत खात्यात दिला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. मात्र ती योजना डिसेंबर 2024 अखेर बंद झाली आहे, त्यामुळे आता दरातील असे छुपे अंतर अधिक बोचते.

सुट्या भागांचे लहान पार्सल आम्ही साठ दिवसांच्या उधारीवर पाठवतो, तिथे एलसीचा खर्च परवडत नाही. त्यासाठी शाखेनेच ईसीजीसीचा निर्यात पतविमा घ्यायला लावला. 1957 मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची ही कंपनी देशांची जोखमीनुसार सात गटांत वर्गवारी करते, आणि खरेदीदाराचे दिवाळे निघण्याबरोबरच देशाने परकीय चलन अडवल्यामुळे होणारा तोटाही तिच्या विम्यात धरलेला असतो. प्रत्येक खरेदीदारासाठी पतमर्यादा मंजूर करून घेणे आणि थकबाकी वेळेत कळवणे ही शिस्त पाळावी लागते. मॅडमनी तारखांचा एक साधा तक्ता करून दिला होता, तो आजही आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

2023 च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने घानाला तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, तेव्हा ग्राहकांनी वेगळाच प्रस्ताव मांडला: पूर्ण गिरण्या पाठवण्याऐवजी तेमाला जुळणीचा कारखाना भागीदारीत काढू. आफ्रिका खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राचे सचिवालय अक्रातच आहे आणि पुढेमागे तिथला माल शेजारी देशांत कमी जकातीत जाईल, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. घानाच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे स्थानिक भागीदार किमान दहा टक्के असेल तर परदेशी गुंतवणूकदाराला किमान दोन लाख डॉलर आणावे लागत. पुण्याच्या एका सल्लागाराने उत्साहाने अहवालही करून दिला. शाखेत मात्र आम्हाला एवढेच विचारण्यात आले की नफा सेडीत होणार, तो डॉलरमध्ये बाहेर काढायला लागणारे डॉलर कोण देणार? निर्यातीत एका खेपेचे पैसे अडकतात, गुंतवणुकीत भांडवलच तिथे राहते. आम्ही तो विचार तूर्त बाजूला ठेवला, पण साचे आणि एका कारागिराचे प्रशिक्षण यावर थोडा खर्च केला, आणि आता तिथे दुरुस्ती स्थानिक माणसे करतात. यातून सुट्या भागांची मागणी वाढली.

शाखेला पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे मला वाटते. सल्ल्याला पूर्ण, कागदपत्रांच्या वेगाला फार कमी. आफ्रिकेत प्रथमच माल पाठवणाऱ्या सांगली-मिरजेच्या उद्योजकांनी एलसीचा मसुदा आपल्याला मान्य असल्याचे ग्राहकाला कळवण्यापूर्वी तो शाखेत नेऊन दाखवावा, आणि विनिमय दरातील अंतर व्यवहारापूर्वी लेखी घ्यावे. आमच्या तक्रारीनंतर शाखाधिकाऱ्यांनी आमच्या खात्यासाठी हे अंतर वीस पैशांवर आणल्याचे पत्र दिले. कागदपत्रे पुण्यालाच जातात. त्याबद्दलचे आमचे दुसरे पत्र अजून उत्तराविना आहे.