छत्रपती संभाजीनगर : जालना रस्त्यावरचे एक हॉटेल आणि त्याची किंमत

जालना रस्त्यावरच्या या मध्यम दर्जाच्या हॉटेलातील खोल्या स्वच्छ आहेत, नाश्ता बरा आहे. लिहिण्यासारखे आहे ते तेथील गिऱ्हाईक. १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या अजिंठा-वेरूळमुळे हे शहर पर्यटनाचे मानले जात असले, तरी कामाच्या दिवसांत नाश्त्याच्या टेबलांवर वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत आलेले अभियंते व पुरवठादारच अधिक दिसतात.

हॉटेलाचे मूल्य केवळ जागेच्या भावावर ठरत नाही, तर वर्षभर किती खोल्या कोणत्या दराने भरतात आणि खर्च वजा जाता काय उरते यावर ठरते; त्यामुळे हंगामी पर्यटकापेक्षा कंपनीच्या करारावर येणारा पाहुणा मालकाला अधिक मोलाचा. शेंद्रा-बिडकीनची ‘ऑरिक’ औद्योगिक नगरी वाढेल तशी ही मागणी वाढावी. मात्र २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गामुळे पाहुण्याला येणे जितके सोपे झाले, तितकेच मुक्काम न करता परतणेही. कामानिमित्त येणाऱ्यांना हे हॉटेल सुचवेन, कुटुंबासह लेणी पाहायला येणाऱ्यांनी वेरूळजवळच उतरावे.