सीपीएच्या ऑडिट पेपरसाठी टेस्ट बँक: सात महिने वापरून झाल्यावर

टेस्ट बँक म्हणजे सरावाच्या प्रश्नांचा संच. तिच्याबद्दल पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. पहिला निकाल लागला त्या दिवशी लिहिलं असतं तर एकही नाही. आता दोन प्रयत्न झालेत, डोकं थंड आहे, म्हणून लिहितेय.

पेपर अमेरिकेच्या सीपीएचा (तिकडची सीए म्हणा), ऑडिटिंग अँड अटेस्टेशन, म्हणजे आपला ‘ऑड’. चार तास, 78 एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न), 7 सिम्युलेशन (कागदपत्रं देऊन सोडवायला लावलेली प्रकरणं), दोन्हींना निम्मं निम्मं वजन. पास व्हायला 75 लागतात, आणि ते टक्के नव्हेत, 0 ते 99 च्या मोजपट्टीवरचा आकडा आहे. मला पहिल्यांदा 71 पडले. तेव्हा टेस्ट बँकेच्या डॅशबोर्डवर माझे 88 टक्के हिरवेगार झळकत होते.

या बँकेची सगळ्यात मोठी खोट म्हणजे तो हिरवा आकडा. तेच प्रश्न फिरून फिरून येतात. तिसऱ्या फेरीला आपण उत्तर काढत नसतो, नुसतं ओळखत असतो. ‘गोदामाचा मॅनेजर’ एवढं दिसलं की हात आपसूक ‘ब’ वर.

आता चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. प्रत्येक प्रश्नाखाली चारही पर्यायांचं स्पष्टीकरण असतं: बरोबर का ते, आणि उरलेले तीन का चुकले तेही. पहिल्या वेळी मी ते वाचलंच नाही. उत्तर बरोबर आलं ना, चला पुढे! दुसऱ्या वेळी रोज वीसच प्रश्न, पण चुकलेल्या प्रत्येकासाठी वहीत एक ओळ.

त्या वहीनेच मला माझं एक दुखणं दाखवलं. ऑडिटर शिपिंगच्या कागदांपासून निघून सेल्स जर्नलपर्यंत जातो, तर तो कोणतं असर्शन, म्हणजे हिशेबाबद्दल कंपनीने केलेला कोणता दावा, तपासतोय? मी तीन वेगवेगळ्या प्रश्नांत ‘ऑकरन्स’वर (नोंदवलेला व्यवहार खरंच झालाय) टिक केली होती. उत्तर आहे ‘कम्प्लीटनेस’ (झालेलं सगळं नोंदवलंय). व्याख्या पाठ होत्या, दिशा कळत नव्हती. शेवटी पानावर डावीकडे ‘कागद’, उजवीकडे ‘वही’ (म्हणजे सेल्स जर्नल) लिहून बाण काढला. कागदाकडून वहीकडे गेलो तर नोंदवायचं राहून गेलेलं शोधतोय, ते ट्रेसिंग. वहीकडून कागदाकडे आलो तर न झालेली विक्री घुसवलीय का ते बघतोय, ते व्हाउचिंग. परीक्षेच्या रफ बोर्डवर पहिला तोच बाण काढला.

बाकीच्या चुका निम्म्याहून जास्त वाचण्यातल्या निघाल्या. ‘सर्वात आधी काय कराल’, ‘सर्वात कमी शक्यता कशाची’, हे शब्द डोळ्यांखालून निसटायचे. ऑडमध्ये चारपैकी तीन पर्याय तसे खरेच असतात, त्यातला ‘जास्त खरा’ निवडायचा. याचा मला अजूनही राग येतो.

वेळ कुठे घालवायचा हे बँक सांगत नाही, तेही जाणून घ्या. मी पहिला अख्खा महिना ओपिनियन (हिशेबावर ऑडिटर देतो ते मत) आणि रिपोर्टमध्ये रमले, कारण ते चौकटीत बसतं: आकड्यांत चूक असेल तर क्वालिफाइड (‘एवढं सोडून ठीक’) किंवा अ‍ॅडव्हर्स (‘हिशेब बरोबर नाहीत’), पुरावाच मिळाला नसेल तर क्वालिफाइड किंवा डिस्क्लेमर (‘मत देता येत नाही’), परिणाम सगळीकडे पसरलेला असला की दुसरा पर्याय. छान. पण या भागाला वजन 10 ते 20 टक्के. पुरावा गोळा करण्याच्या भागाला 30 ते 40, जोखीम आणि नियोजनाला 25 ते 35. त्या पुराव्याच्या भागातल्या सॅम्पलिंगला (सगळं न तपासता नमुने निवडून तपासणं) मी शेवटच्या आठवड्यात हात लावला. 71 कसे आले ते कळलंच असेल.

सिम्युलेशन ही कमजोर बाजू. बँकेत दोन-तीन पानांची कागदपत्रं, परीक्षेत ईमेल, करार, बैठकांची मिनिट्स, शेड्यूल असा गठ्ठा. वर 2024 पासून बंद झालेली रिसर्चची (नियमावलीतून नेमका उतारा शोधायची) सिम्युलेशन अजून सरावात आहेत. त्यात माझे दोन दिवस फुकट गेले. फ्लॅशकार्डंही शिळी. पीसीएओबीच्या (अमेरिकेतल्या शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या ऑडिटर्सवर देखरेख ठेवणारी संस्था) नियमांत वर्किंग पेपर्सची (ऑडिटच्या कामाचे कागद) फाइल पूर्ण करायची मुदत 45 दिवसांवरून 14 वर आली. मोठ्या फर्म्सना हे 15 डिसेंबर 2024 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांच्या ऑडिट्सना लागू आहे, लहान फर्म्सना त्यानंतर वर्षभराने. कार्डावर मात्र सरसकट 45च. कळवलं, ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं, कार्ड तसंच.

व्हिडिओ दुसऱ्या महिन्यानंतर उघडले नाहीत. अ‍ॅप बरं आहे, ऑफलाइन चालत नाही.

दुसऱ्या प्रयत्नात 82. बँक घ्या, पण टक्केवारीचा कोपरा कागद चिकटवून झाका (मी खरंच चिकटवला होता), आणि सिम्युलेशनचा सराव एआयसीपीएच्या (ही परीक्षा तयार करणारी संस्था) मोफत नमुना परीक्षेवर करा. आणखी एक: पेपर पाच टेस्टलेटमध्ये, म्हणजे भागांत, येतो; तिसऱ्या टेस्टलेटनंतर 15 मिनिटांचा ब्रेक मिळतो, तेव्हा घड्याळ थांबतं. बँकेच्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) तो नाहीच, त्यामुळे पहिल्या वेळी स्क्रीनवर विचारलं तेव्हा मी घाबरून ‘नको’ दाबलं आणि रिकाम्या पोटी पाच सिम्युलेशन सोडवली.