दिवा हिरवा, नेट गायब: जुन्या राउटरवर एमवॅन३

माझा वर्ग तुटला की ते मला सगळ्यात शेवटी कळायचं. मी आपली अवयव पाडत बोलतेय आणि तिकडे मुलांच्या स्क्रीनवर माझं तोंड उघडं राहून गोठलेलं. मग फोन शोधा, हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, वर्गात परत शिरा. एवढ्याला चार मिनिटं लागायची आणि मुलांना ती पाठ झाली होती. परत आले की चॅटमध्ये ‘मॅडम अडकल्या’ आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. संगणकाच्या क्षेत्रातली नाही. त्यामुळे हे परीक्षण नेटवर्कवाल्यांसाठी नाही. ज्यांची घरची लाइन अधूनमधून दगा देते आणि ज्यांना प्रत्येक वेळी हाताने हॉटस्पॉट लावायचा कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी आहे. सहा महिने वापरल्यावर लिहितेय.

वस्तू अशी: ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त आणि फुकट प्रणाली, आणि तिच्यावर चढवायचं एमवॅन३ नावाचं पॅकेज, म्हणजे जोडीचं सॉफ्टवेअर. राउटर माझ्याकडे जुनाच होता, कपाटात पडलेला, मागे एक यूएसबी पोर्ट असलेला. वॅनच्या, म्हणजे बाहेरची लाइन घेणाऱ्या पोर्टमध्ये फायबरची लाइन, यूएसबीत सिम घातलेलं ४जी डोंगल. पहिली मेली की दुसरी, पहिली उठली की परत पहिली. घरातल्या कुणी काहीही करायचं नाही.

राउटर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का हे आधी बघा, आणि मॉडेलच्या नावापुढचा आवृत्तीचा आकडासुद्धा जुळवून बघा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आत वेगळीच चिप निघते. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम याच्या खाली जाऊ नका. १६ आणि १२८ असेल तर जीव रमतो. प्रणाली चढवणं वीस मिनिटांचं काम. माझे दोन दिवस गेले ते पुढे.

पहिली संध्याकाळ गेली पत्त्यांत. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःला १९२.१६८.१.१ हा पत्ता घेते. माझ्या फायबरच्या डब्याचाही तोच. दोन घरांना एकच नंबर दिल्यावर पोस्टमनचं जे होईल ते झालं. माझ्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.५.१ केला आणि गाडी हलली. दुसरी चूक मेट्रिकची. दोन्ही लाइनींना वेगवेगळा मेट्रिक आकडा द्यावाच लागतो, लहान आकडा म्हणजे पहिली पसंती. मी तो रकाना ऐच्छिक समजून रिकामा ठेवला. मला तक्रार कुठे दिसली नाही, एमवॅन३ नुसतं चाललं नाही.

आता मुद्द्याचं. लाइन बदलणं सोपं आहे. लाइन मेली हे ओळखणं अवघड. साध्या राउटरला विचाराल तर तो केबल बघतो. पण माझी फायबर तुटते तेव्हा भिंतीवरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लागतो, आणि डब्यापासून राउटरपर्यंतची हातभर केबल मात्र ठणठणीत असते. राउटरच्या दृष्टीने दिवा हिरवा, सगळं आलबेल. कधी तर लाल दिवाही लागत नाही. बिघाड डब्याच्या पलीकडे कुठेतरी लांब असतो. अशा वेळी केबलवर भरवसा ठेवणारी व्यवस्था ढिम्म बसून राहते.

एमवॅन३ दर काही सेकंदांनी बाहेरच्या जगाला हाक मारून बघतं, म्हणजे पिंग करतं. कुणाला हाक मारायची ते आपण ठरवायचं. मी ८.८.८.८ (गूगलचा) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) असे दोन सार्वजनिक पत्ते दिले, आणि दोघांपैकी एकाने ओ दिली तरी लाइन जिवंत धर असं सांगितलं. एकच पत्ता दिला तर तो रुसला म्हणून चांगली लाइन मेलेली ठरेल. दर ५ सेकंदांनी हाक, लागोपाठ ३ हाका वाया गेल्या की लाइन बाद. घड्याळ लावून बघितलं, १५ ते २० सेकंदांत डोंगल सूत्रं घेतं. आकडे आणखी कमी करता येतात, पण मग वाऱ्याच्या झुळकीने लाइन बदलत बसते. परतीचा आकडा मी मुद्दाम मोठा ठेवलाय: १० हाकांना नीट उत्तर मिळाल्याशिवाय फायबरवर परत जायचं नाही. आमची लाइन मरताना एकदम मरत नाही, उचक्या देते. प्रत्येक उचकीला उडी मारली असती तर वर्ग पूर्वीपेक्षा जास्त तुटला असता.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ‘कळणारसुद्धा नाही’ असं मलाही कुणीतरी सांगितलं होतं. कळतं. लाइन बदलली की बाहेरच्या जगात तुमचा पत्ता बदलतो आणि चालू असलेली जोडणी तुटते. व्हिडिओ वर्ग अर्धा मिनिट थांबतो आणि मग आपणहून परत जुळतो. मला हात लावावा लागत नाही, एवढीच कमाई. पण चार मिनिटं आणि अर्धं मिनिट यात वर्गाचा धाक टिकण्याएवढं अंतर आहे. सुरुवातीला आवाज जुळायला फार वेळ लागत होता, कारण राउटर जुन्या जोडण्या मेलेल्या लाइनीच्याच खात्यावर धरून बसायचा. लाइन बदलताना त्या झाडून टाकायचा पर्याय एमवॅन३मध्ये आहे. तो चालू करा.

सगळ्यात फसवा घोटाळा डीएनएसचा. पहिल्या चाचणीत राउटर छाती ठोकून सांगत होता की डोंगल चालू आहे, पिंग जात होतं, आणि एकही साइट उघडत नव्हती. नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर फायबर कंपनीचे होते आणि ते फक्त स्वतःच्या जाळ्यातून आलेल्याला उत्तर देत होते. राउटरमध्ये दोन सार्वजनिक डीएनएस लिहिले आणि प्रश्न मिटला. आयपीव्ही६चाही, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचाही, असाच गुंता होता: लाइन बदलली तरी फोन-लॅपटॉप जुना पत्ता उराशी धरून बसायचे. तो मी सोडवला नाही, घरात आयपीव्ही६ बंद करून टाकलं. जाणकार नाक मुरडतील.

आता डेटाचं. लाइन बदलल्याचं लॅपटॉपला किंवा टीव्हीला कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं नेहमीचंच अमर्याद वायफाय आहे. दुसऱ्याच आठवड्यात फायबर दुपारभर गेली आणि सासूबाईंनी त्या दुपारी निवांत तीन भाग बघितले. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो. संध्याकाळी माझा वर्ग सुरू व्हायच्या आत डोंगलचा दिवसाचा कोटा संपला होता. “अगं, मला काय ठाऊक, टीव्ही तर छान चालू होता,” त्या म्हणाल्या, आणि खरंच होतं ते. मग टीव्हीला कायमचा पत्ता दिला आणि एमवॅन३मध्ये त्याच्यापुरता नियम लिहिला: फक्त फायबर, ती नसेल तर काहीच नाही. फोटोंचा बॅकअप घेणाऱ्या डबड्यालाही तोच नियम. आता टीव्ही बंद पडला की आतून हाक येते, “तुझी दुसरी लाइन लागली वाटतं!” एवढा बिनचूक इशारा मला पॅकेजनेही दिलेला नाही.

खोड जात नाही म्हणून एक हिशेब केला. डोंगल जिवंत आहे का हे बघायलाही एमवॅन३ त्याच्यातून पिंग करतं, आणि तो डेटा आपल्याच खात्यातून जातो. एक पिंग ८४ बाइट, उत्तर तेवढंच, म्हणजे १६८. दर ५ सेकंदांनी एक म्हणजे दिवसाला १७,२८०, म्हणजे सुमारे २.९ एमबी, महिन्याला ८७ एमबी. काहीही न करता! डोंगलसाठी मी पत्ता एकच ठेवला आणि हाक दर मिनिटाला केली. महिन्याचे साडेसात एमबीसुद्धा होत नाहीत. राखीव लाइन मेल्याचं थोडं उशिरा कळलं तरी बिघडत नाही.

कुणाला घेऊ नका म्हणेन? घरातल्या कॅमेऱ्यात किंवा सर्व्हरमध्ये बाहेरून थेट शिरणाऱ्यांना. मोबाइलच्या जाळ्यात बहुतेक वेळा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे डोंगलवर असताना बाहेरून थेट आत येता येत नाही. आणि ज्यांना कागदपत्रं वाचायचा कंटाळा आहे त्यांनी दोन वॅनचा तयार राउटर घ्यावा. मात्र घेण्याआधी तो पिंग करून तपासतो की नुसती केबल बघतो, हे विचारा. लूसी, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीचं ब्राउझरमधलं पान, नीटनेटकं आहे, पण इंटरफेस, मेंबर, पॉलिसी, रूल ही चौपदरी उतरंड डोक्यात बसेपर्यंत मी वहीत आकृती काढत होते.

राउटर, फायबरचा डबा आणि डोंगल हे तिन्ही एका छोट्या यूपीएसवर आहेत, नाहीतर वीज गेली की पहिली आणि दुसरी दोन्ही लाइनी एकदमच जातात. सिम फायबरच्या कंपनीचं नाही, वेगळ्या कंपनीचं घेतलंय.

चाचणी राउटरची वॅन केबल उपटून करू नका. ती परीक्षा कुठलाही राउटर पास होतो. ती केबल तशीच ठेवायची आणि डब्याच्या मागची बाहेरून येणारी फायबर सोडवायची. तिच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही आणि टोकाला बोटही लावायचं नाही. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी हे करते. चौथ्या महिन्यात केलं तेव्हा फायबर गेली, डोंगलने सूत्रं घेतली नाहीत आणि घर गपगार. एमवॅन३च्या पानावर डोंगल लाल दिसत होतं, पंधरा दिवसांपासून. सिमचा रिचार्ज संपला होता, आणि ते पान मी महिनाभर उघडलंच नव्हतं. लाइन पडली-उठली की आपली स्क्रिप्ट चालवायची सोय पॅकेजमध्ये आहे. त्यात चार ओळी लिहून डोंगल पडलं की फोनवर निरोप येईल असं केलंय. रिचार्जची तारीख तरीही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. मुलं विचारतात, “मॅडम, ही कसली तारीख?” परीक्षेची म्हणून सांगते.