‘एडास’वाली गाडी : १४ महिने, २६,४०० किलोमीटर आणि एका ड्रायव्हिंग स्कूलवालीचं मत

गेली १९ वर्षं मी आणि माझे मिस्टर कराडला ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. बायकांची बॅच माझ्याकडे. नवीन शिकायला आलेली बाई सीटवर बसली की इंजिन चालू करायच्या आधी मी तिला डोळे मिटायला सांगते. हॉर्न, वायपर, इंडिकेटर, हेडलाइट, पार्किंग लाइट, सगळं हाताने चाचपून दाखव म्हणते. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना जमतं. हाताला जागा पाठ झाली की डोळे रस्ता सोडत नाहीत.

मागच्या वर्षी घरासाठी नवी गाडी घेतली. ऑटोमॅटिक, टॉप मॉडेल, एडास (चालवणाऱ्याला मदत करणारी कॅमेरा-रडारची यंत्रणा) लेव्हल दोन, ऑन रोड २३ लाखांच्या आसपास. पूजा झाली, पाहुणे गेले, आणि अंगणात उभ्या गाडीत बसून मी माझीच परीक्षा घेतली. डोळे मिटून हॉर्न सापडला. इंडिकेटर, वायपर सापडले. एसीचा पंखा सापडेना. काचेवरची वाफ घालवायचं बटण सापडेना. बोटाला नुसती सपाट काच लागत होती. गिअरचा गोल नॉब सापडला, पण गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते हाताला काही कळेना.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही. आज ह्या किमतीत ज्या गाड्या मिळतात त्यातल्या बऱ्याच जणींना हे थोड्याफार फरकाने लागू आहे. नाव लिहिलं की भांडण ब्रँडचं होतं आणि मुद्दा राहून जातो.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. नोव्हेंबरात नागठाण्याच्या अलीकडे पुढचा टेम्पो एकदम थांबला, त्याच्यापुढे म्हैस आडवी आली होती. मी नेमकी तेव्हा आरशात बघत होते, मागून एक ट्रॅव्हल्स सारखी लाइट मारत होती. माझा पाय ब्रेकवर टेकला तेव्हा गाडीने आधीच आपणहून ब्रेक लावला होता, ती दबायला लागली होती, पट्टा छातीशी आवळला होता. टेम्पोच्या फाळक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येईल इतक्या जवळ जाऊन थांबलो. शेजारी माझी लेक बसली होती. त्या एका ब्रेकमध्ये माझे पैसे वसूल झाले.

आरशातला पिवळा दिवाही मला फार आवडतो. डावीकडून घुसणारी दुचाकी आरशात दिसत नाही अशा जागी असली की तो पेटतो. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना त्याने मला कितीतरी वेळा थांबवलंय. लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही तर स्टिअरिंग हातात थोडं अडतं, उलट ओढल्यासारखं होतं. ज्यांना इंडिकेटरची सवय नाही त्यांना ह्याचा राग येतो. मी मात्र १९ वर्षं जे घसा फोडून सांगत आले ते गाडीच शिकवतेय म्हणून खूश आहे.

आता लेव्हल दोन म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. ० ते ५ अशा सहा पायऱ्या मानतात. दोन नंबरच्या पायरीवर गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्हीला मदत करते, पण गाडी चालवणारे तुम्हीच. नजर तुमची, हात तुमचा, जबाबदारी तुमची. मी चालवते त्या रस्त्यांवर ह्याचा अर्थ काय होतो तेही सांगते.

सातारा–कागल सहापदरीकरणाचं काम चालू असल्यामुळे आमच्या पट्ट्यात डायव्हर्जनच डायव्हर्जन आहेत. जुना पांढरा पट्टा अर्धवट खरवडलेला, नवा शेजारून वळलेला. लेन ओळखणारा गाडीचा कॅमेरा कधी जुना धरतो, कधी नवा. एकदा स्टिअरिंग हलकेच सिमेंटच्या कठड्याकडे ओढलं गेलं. हात घट्ट होता म्हणून काही झालं नाही. तेव्हापासून डायव्हर्जनची पाटी दिसली की लेन असिस्ट बंद. सुदैवाने त्याला स्टिअरिंगवर खरं बटण आहे, न बघता दाबता येतं.

अंतर राखणारा क्रूझ (ठरवलेला वेग गाडी आपणच धरते, पुढे गाडी आली की कमी करते) पुणे–मुंबई एक्स्प्रेसवेवर छान चालतो. आमच्या हायवेला मात्र पुढे अंतर दिसलं की कोणीतरी त्यात घुसतंच. मग गाडी दचकून ब्रेक मारते आणि मागचा ट्रकवाला आपल्या अंगावर येतो. घाटात मी तो लावत नाही.

जानेवारीतल्या एका रात्रीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पेठ नाक्याच्या पुढे क्रूझ ८० वर होता. रस्ता मोकळा, स्क्रीनवर पुढे एकही गाडी दाखवत नव्हती. डाव्या हाताला एक ढाबा आला आणि त्याच्या उजेडात, माझ्याच लेनमध्ये, हवेत उसाच्या कांड्या हलताना दिसल्या. डबल ट्रॉली होती. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेल्या, आणि वेग बैलगाडीचा. मी ब्रेकवर उभी राहिले. स्क्रीनवर लाल खूण आली ती माझा पाय दाबला गेल्यानंतर. कडेला घेऊन थांबले तेव्हा पाय थरथरत होते. आमच्या भागात गाळपाच्या हंगामात अशा ट्रॉल्यांना धडकून माणसं जातात. त्यातल्या काहींच्या घरी मी सांत्वनाला जाऊन आलेय.

दुसऱ्या दिवशी गाडीचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट छापलंय : थांबलेलं किंवा फार हळू चाललेलं वाहन यंत्रणेला ओळखता येईलच असं नाही. कारणही समजण्यासारखं आहे. रडारला पूल, पाट्या, कठडे, खांब सगळ्यावरून लाटा परत येतात. हे सगळं जागेवर थांबलेलं. प्रत्येकाला ब्रेक मारायचं ठरवलं तर हायवेला गाडी पुढे सरकायचीच नाही. म्हणून आपली गाडी जास्त वेगात असताना, थांबलेल्या वस्तूकडे अशा बऱ्याच यंत्रणा दुर्लक्ष करतात. म्हणजे हायवेला बंद पडलेला, मागे दगड ठेवून उभा केलेला ट्रक हा आपल्याकडचा फार मोठा धोका, आणि गाडीचा डोळा नेमका तिथेच कमजोर. हे वाक्य पुस्तकात पार आतल्या पानावर आहे. ते डिलिव्हरीच्या वेळी तोंडाने सांगितलं पाहिजे.

आता स्क्रीन. जुलैत पुण्याहून येताना खंबाटकी चढत होते. धुकं, पाऊस, आणि आतून काचेवर वाफ धरली. जुन्या गाडीत मी न बघता नॉब फिरवला असता. इथे आधी नकाशा बाजूला सारायचा, मग एसीचं पान उघडायचं, मग काचेचं चित्र शोधायचं. गाडी हलतेय, बोट चुकतंय. ४० च्या वेगातसुद्धा गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. मी पार्किंग लाइट लावून कडेला घेतली, काच साफ केली, मग निघाले.

स्वीडनमधल्या ‘व्ही बिलागारे’ नावाच्या मासिकाने २०२२ मध्ये ह्याची रीतसर चाचणी घेतली होती. ताशी ११० किलोमीटरने जाताना रेडिओ, एसी अशी रोजची चार कामं करायची. २००५ ची, बटणांची जुनी व्होल्वो व्ही ७० होती, तिच्यात १० सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीत सुमारे ४५ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर. जवळजवळ दीड किलोमीटर अर्धं लक्ष रस्त्यावर नाही! युरोपात गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, पार्किंग लाइट, हॉर्न, वायपर आणि मदतीचा एसओएस कॉल ह्यांना खरे खटके असण्यावर मार्क ठेवलेत. आपल्या भारत एनकॅपनेही हे लवकर घ्यावं असं मला फार वाटतं.

गिअरच्या नॉबची गोष्ट दादाची आहे. माझा मोठा भाऊ, एसटीतून निवृत्त झालेला, विना अपघात सेवेचा बिल्ला मिळालेला ड्रायव्हर. पाटणच्या बाजूला उतारावरच्या घरी गेलो होतो, गाडी दादाच्या हातात होती. फाटक उघडायला म्हणून त्याने नॉब फिरवला, उतरला, आणि गाडी मागे चालायला लागली. एन (न्यूट्रल) वर होती, पी (पार्किंग) वर नाही. पी साठी वेगळं बटण दाबावं लागतं. नॉब फिरवून सोडला की परत त्याच जागी येतो, मग कुठे आहे ते बघूनच कळणार. दार उघडल्यावर गाडी टुंग टुंग करत होती, पण पट्टा, दार, किल्ली, सगळ्यालाच ती टुंग टुंग करते. चार-पाच हात मागे जाऊन ती दगडांच्या ढिगाला टेकली. पोरं तिथे पाच मिनिटांपूर्वी गोट्या खेळत होती.

दादा कितीतरी वेळ ओट्यावर गप्प बसून होता. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, कारण चूक त्याच्या चालवण्यात नव्हती. आयुष्यभर त्याने गिअर हाताने ओळखला, आणि ह्या नॉबने हाताला काही सांगायचंच बंद केलंय. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडलंय. जीप ग्रँड चेरोकीच्या २०१४ आणि २०१५ च्या मॉडेलमध्ये गिअरचा दांडा ढकलून सोडला की परत मधोमध यायचा. लोकांना वाटायचं पी पडला, आणि गाडी घरंगळायची. एप्रिल २०१६ मध्ये जीप आणि त्याच कंपनीच्या आणखी काही मॉडेलच्या जगभरातल्या मिळून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यानंतर जूनमध्ये अँटन येल्चिन हा २७ वर्षांचा नट लॉस एंजेलिसला स्वतःच्याच घराच्या उतारावर आपली जीप आणि फाटकाजवळचा खांब ह्यांच्या मध्ये चिरडून गेला. काही गाड्यांत दार उघडलं की पी आपोआप पडतो. माझ्या गाडीत तसं होत नाही, आणि ह्या एका गोष्टीचे मी तिचे सरळ मार्क कापते.

ऑटोमॅटिक नव्याने घेणाऱ्या सगळ्यांसाठी पायाचंही सांगते, कारण माझ्याकडे सध्या असे बरेच लोक येतात. वीस वर्षं क्लचची गाडी चालवलेल्या माणसाचा डावा पाय गडबडीत क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर पडतो. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन आदळतो. दुसरी चूक त्याहून वाईट : ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जातो, गाडी पुढे झेपावते, माणूस घाबरून आणखी जोरात दाबतो. नवशिक्यापेक्षा जुन्या चालवणाऱ्याला हे शिकवायला मला जास्त वेळ लागतो, कारण त्याला आधी जुनं विसरावं लागतं. डावा पाय डावीकडच्या फूटरेस्टवर ठेवायचा, तिथून हलवायचा नाही. पहिला आठवडा मोकळ्या मैदानावर.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला बेस्टच्या सेवेतली इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि ९ जणांचे प्राण गेले. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल, मी ठरवत नाही. पण क्लच-गिअरच्या बसवरून ऑटोमॅटिक बसवर आलेल्या ड्रायव्हरला किती दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं, हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. मला तोच प्रश्न आपल्या घरातल्या गाडीबद्दल विचारायचाय.

कारण शोरूममध्ये मला काय शिकवलं? हार, पेढे, मोठ्या पुठ्ठ्याची किल्ली, फोटो. मग वीसेक मिनिटं सनरूफ, ब्लूटूथ, सीटचा थंडावा आणि दिव्यांचे रंग. एडासबद्दल पोरगा म्हणाला, “मॅडम, ते हायवेला आपोआप चालतं, तुम्ही नुसतं रिलॅक्स बसायचं.” पोरगा चांगला होता, आदबीने बोलत होता. त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. पण ‘नुसतं बसायचं’ हे ऐकून कुणी त्या ट्रॉलीच्या मागे गेलं असतं तर?

आणखी दोन गोष्टी, शोरूममध्ये न सांगितलेल्या. कॅमेरा पुढच्या काचेमागे, आरशाजवळ असतो. काच बदलली की त्याचं कॅलिब्रेशन (नजर परत नीट जुळवणं) करून घ्यावं लागतं. बाहेर स्वस्तात काच बदलताना हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. आणि पुढच्या बंपरमधल्या रडारवर चिखल बसला की यंत्रणा बंद पडते. पाटणच्या पावसात माझी दर फेरीला पडते. ओलं फडकं दारात ठेवा.

गाडी घ्यावी का? घ्या. आपोआप लागणारा ब्रेक आणि आरशातला तो पिवळा दिवा ह्यांसाठी मी परत हीच पातळी घेईन. पण टेस्ट ड्राइव्हला गेलात की शोरूमच्या आवारात, गाडी बंद असताना, पाच मिनिटं डोळे मिटून बसा. हॉर्न, वायपर, पार्किंग लाइट, काचेची वाफ घालवायचं बटण, आणि पी. जे हाताला सापडणार नाही त्याची यादी करा आणि दुसरी गाडी बघून या. विक्रेत्याला वेडं वाटलं तरी वाटू द्या.

आम्ही स्कूलमध्ये आता नव्या ऑटोमॅटिकवाल्यांसाठी रविवारची वेगळी बॅच धरलीय. तिथे शिकवायला दादा येतो. पहिला अर्धा तास तो गाडी चालवूच देत नाही : ब्रेक, पी, हँडब्रेक, स्क्रीनवर पी चं अक्षर मोठ्याने वाचायचं, मगच पट्टा काढायचा. वीस वेळा. एकदा जरी कुणी न वाचता दाराला हात लावला, तर तो पहिल्यापासून मोजायला लावतो.