गादी हलवून उठवणारा धुराचा अलार्म: पाचपैकी चार

रात्री कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं की दाराची बेल, मोबाइल, कुकरची शिट्टी, मला काहीच ऐकू येत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं आहे. जिना सागवानी, जिन्याखालीच मीटरचा बोर्ड, आणि हे गेल्यापासून वरच्या मजल्यावर रात्री मी एकटीच असते. म्हणून मुलाने ऑनलाइन हा संच मागवून दिला.

छताला लावायचा धूर ओळखणारा डबा, उशाशी ठेवायचं टेबलावरच्या घड्याळाएवढं यंत्र आणि त्याला वायरने जोडलेली तळहातात मावणारी चकती. धूर झाला की डब्याकडून यंत्राला बिनतारी इशारा जातो, यंत्रावरचा पांढरा दिवा लखलखतो आणि चकती थांबून थांबून थरथरते. माहितीपत्रकात ती गादीखाली ठेवा म्हटलंय. फोमची गादी असेल तर ठीक, पण कापसाच्या जाड गादीत सगळी थरथर जिरून जाते. मी ती उशीच्या अभ्र्यात घालते. गणपतीला सून आली होती, तिला म्हटलं, मी गाढ झोपले की न सांगता चाचणीचं बटण दाब. तिने पहाटे दाबलं. हादरा थेट दाढांपर्यंत आला आणि पुरती जाग येण्याआधीच माझे पाय पलंगाखाली चपला शोधत होते.

नुसत्या दिव्यावर विसंबू नका. ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक आणि इयन थॉमस यांनी कमी ऐकू येणाऱ्यांना झोपेत तपासलं, तेव्हा लखलखत्या दिव्याने जेमतेम 27 टक्के लोक जागे झाले. नेहमीच्या अलार्मचा 3100 हर्ट्झचा चिरका आवाज 56 टक्क्यांना उठवू शकला, तर 520 हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाने 92 टक्के उठले. वयाबरोबर आधी उंच पट्टीचंच ऐकू येईनासं होतं, आणि बाजारातले बहुतेक अलार्म नेमके त्याच पट्टीत ओरडतात! थोडंफार ऐकू येत असेल त्यांनी खालच्या पट्टीचा अलार्म मागून घ्यावा. माझ्यासारखीला गादीचा हादराच हवा.

जपानी संशोधकांनी तर वासाबीच्या, म्हणजे नाकात झणझणणाऱ्या जपानी तिखटाच्या, वासाने झोपलेल्याला उठवणारा अलार्म बनवला. त्याला 2011 सालचा इग नोबेल मिळाला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो गमतीचा पुरस्कार. लोक त्यावर हसले असतील, मला ती कल्पना फार मोलाची वाटते. वासाबीचा झणका ज्या रसायनाचा, तेच आपल्या फेसलेल्या मोहरीत असतं. ती नाकात गेल्यावर कोण झोपून राहील?

एक तारा कापला तो बॅटरीसाठी. छतावरच्या डब्याची बॅटरी संपत आली की तो मधूनमधून फक्त ‘टिक्’ असा बारीक आवाज करतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी बनवलेल्या वस्तूत ही सूचना आवाजाने द्यावी, याचा मला खरंच राग आला. उशाशी दिवा आहे ना, तोच लावायचा! विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. आता दर शनिवारी देवापुढे दिवा लावण्याआधी मी काठीने चाचणीचं बटण दाबते.

डबा स्वयंपाकघरात लावू नका, मिरचीच्या फोडणीलाही तो वाजतो. जिन्याच्या माथ्याशी लावा, खालून येणारा धूर तिथे आधी पोचतो. आणि हा फक्त धुराचा अलार्म आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तसल्या रात्री याचा उपयोग नाही. त्यासाठी मी शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली देऊन ठेवली आहे.

घेताना दोन गोष्टी विचाराच: वीज गेल्यावर उशाशी असलेलं यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालतं का, आणि डब्याची बॅटरी उतरल्याचं दिव्याने कळतं का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर घेऊच नका. वायरिंग जळतं तेव्हा आधी वीजच जाते.